आर्द्रेतल्या घुगऱ्या

ज्वारी घेताना मी ती आधी पांढऱ्या फडक्यावर पसरते. खामगावात आमच्या गल्लीतल्या दुकानदाराला माझी ही खोड आता पाठ झाली आहे. तो गालातल्या गालात हसतो आणि विचारतो, "काकू, जवारी घेऊन राह्यल्या का सोनं?" मी म्हणते, सोनं कोणी शिजवून खात नाही रे बाबा. मग चार दाणे नखानं खरवडायचे, दोन जिभेवर ठेवायचे, तुरट लागले नाहीत की मगच त्याला मापाला हात घालू द्यायचा, असा माझा रिवाज. घरात याला म्हातारचळ म्हणतात. म्हणेनात का.

आर्द्रा लागल्या की ही खोड जरा जास्तच बळावते. यंदाही पेरणीची गडबड सुरू झाली आणि बियाण्याच्या दुकानांपुढे बैलगाड्या, सायकली, एखाददुसरा ट्रॅक्टर अशी दाटी झाली. हल्लीचं बी गुलाबी असतं. कारखान्यातच त्याला औषध चोळून, रंग देऊन पाठवतात. पिशवीवर कवटी आणि दोन हाडं. परवा एक हमाल अशाच एका फुटलेल्या पिशवीतून सांडलेलं बी ओंजळीनं भरत होता. भरून झाल्यावर त्यानं हात धोतराला पुसले आणि शेजारच्या गाड्यावरून भजी घेऊन खाल्ली. बोटं अजून गुलाबीच होती. मी थांबून म्हटलं, "अरे, हात तरी धू." तो म्हणाला, "काई होत नाई माय, रोजचंच आहे." काही होत नाही, हे मी आयुष्यात पुष्कळांच्या तोंडून ऐकलं आहे. पहिल्यांदा ऐकलं ते माझ्याच नवऱ्याच्या तोंडून.

तेव्हा इंग्रजांचा अंमल होता. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं. हुकूम नागपूरहून निघायचे आणि आमच्या खेड्यापर्यंत पोचेतो त्यांचा ऋतू उलटून गेलेला असायचा. आमचे हे शेतकी खात्यात कामदार होते. नाव भारदस्त, काम पायपिटीचं. गावोगाव हिंडायचं आणि लोकांना सुधारलेलं बी, लोखंडी नांगर आणि मोरचूद यांची गोडी लावायची. मी मलकापूरची, आगगाडीच्या शिट्टीवर घड्याळ लावणाऱ्या गावातली. लग्न होऊन आले ती एकदम घाटाखालच्या अशा खेड्यात, जिथं नदीच्या वाळूत खड्डा करायचा, त्यात पाझरलेलं पाणी वाटीवाटीनं उपसायचं आणि घागर भरायची. त्या खड्ड्याला झिरा म्हणतात. झिऱ्याचं पाणी गार आणि गोड असतं, आणि ते सावकाश भरत असल्यामुळे बायकांना बोलायला भरपूर वेळ मिळतो. माझी त्या गावातली सगळी शाळा झिऱ्यावरच झाली.

मोरचूद तुम्ही पाहिलं आहे की नाही कोण जाणे. रंग मोराच्या मानेचा आणि खडे खडीसाखरेएवढे. आमच्या घराच्या कोपऱ्यात त्याच्या पुड्यांची पेटी असायची. तिचं झाकण उघडून नुसतं बघत बसायला मला आवडायचं. ज्वारीवर त्या काळी काणी फार पडे. कणीस बाहेरून भरलेलं दिसायचं आणि दाबलं की दाण्याच्या जागी काळी भुकटी हाताला यायची. पेरणीआधी बी मोरचुदाच्या पाण्यात भिजवून सावलीत वाळवलं की काणी येत नाही, इतकं साधं औषध होतं ते. आणि खरोखरच येत नसे. हे उन्हाळाभर चावडीपुढे बसून समजावून सांगायचे. पाणी इतकं, पुडी इतकी, भांडं मातीचं घ्या, लोखंडाचं घेऊ नका, लोखंडावर तांबं चढतं. एखादा म्हातारा विचारी, "साहेब, हे इख तं नाही ना?" हे हसून म्हणत, "अहो, बियाचं औषध आहे. काही होत नाही." त्यांना बियापुरतंच म्हणायचं होतं. ऐकणाऱ्यांनी ते स्वतःसाठीही ऐकून ठेवलं.

गावाच्या वरच्या अंगाला नदीत एक डोह होता आणि डोहाच्या काठाला जैनबबीचं घर. तिचा नवरा उस्मानभाई रंगारी. अंगणात निळीचे रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेले, आणि नवराबायको दोघांचेही हात कोपरापर्यंत निळे. आजूबाजूच्या खेड्यांतली लुगडी आणि पासोड्या त्यांच्याकडेच रंगायला येत. रंगलेलं कापड डोहातल्या दगडावर धुवायचं, ही वहिवाट उस्मानभाईच्या आजोबापासूनची. आमचा झिरा तिथून बराच खाली होता. मधली वाळू पाणी गाळून घेते असं सगळेच मानत आणि पीतही. जैनबबी झिऱ्यावर आली की हसण्याला ऊत यायचा. मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती म्हणाली, "कामदारीनबाई, तुमचे साहेब बियाले निळं करून राह्यले, आमी कापडाले. धंदा तं एकच झाला. मंग तुमचे हात गोरे काऊन?" मी लाजून घागर उचलायला गेले तर अर्धी सांडली. तिनंच ती पुन्हा भरून दिली.

त्या गावात एक रीत होती. पेरून उरलेलं बी कणगीत परत टाकायचं नाही. शेताच्या नावानं काढलेलं परत घेतलं तर पीक रुसतं, असं म्हणत. म्हणून पेरणी आटोपली की घरोघरचं उरलेलं मूठमूठ बी पाटलांच्या वाड्यावर जमा व्हायचं. पाटलांची आई, जिला सारं गाव मोठी माय म्हणे, ती त्याच्या घुगऱ्या शिजवायची. गूळ घालायची. मग पळसाच्या पानांच्या द्रोणांतून त्या दर घरी जायच्या, महारवाड्यापासून रंगाऱ्यापर्यंत. एरवी पाण्यापासून पाराच्या कट्ट्यापर्यंत सगळं वाटून घेतलेलं गाव त्या एका दिवशी एकाच हंड्यातलं खायचं. मला ही रीत फार आवडली होती. घुगऱ्या मात्र आवडत नसत, दातांत अडकतात.

त्या वर्षी यांच्या पायपिटीला फळ आलं. सबंध गावानं मोरचूद घेतलं. एक पुडी सांगितली तिथं कोणी दोन टाकल्या, कारण औषध जास्त तर गुण जास्त. आर्द्रेच्या पावसानं पेरणी साधून दिली आणि लगेच उघडीप पडली. नदीला पूर यायचा होता अजून. हवेत ओल्या मातीचा आणि बैलांच्या घामाचा वास होता, तिफणींचे दोर ओसऱ्यांवर वाळत पडले होते, सगळ्यांचे खांदे दुखत होते आणि सगळे खुशीत होते. उरलेलं बी वाड्यावर गेलं. मोठ्या मायनं ते कितीतरी पाण्यांतून धुतलं. तरी पाणी निळसरच येत राहिलं, तेव्हा ती शेजारच्या बायांना म्हणाली, "औषधच तं आहे. बियाले पावलं, तं आपल्याले नाही पावनार का?" हे मला नंतर त्या बायांनीच सांगितलं. सगळ्यांना ते पटलं होतं. सरकारनं गाडी भरून पाठवलेलं औषध वाईट कशाला असेल?

मी माझा द्रोण फळीवर झाकून ठेवला. हे फिरतीवर गेले होते, आल्यावर खातील म्हणून.

दुपार टळली आणि पहिली ओकारी ऐकू आली. मग दुसऱ्या घरातून. मग एकेका घरातून असा आवाज येऊ लागला की मी दाराला धरून उभी राहिले. पोरं पोटं धरून अंगणात लोळत होती. बायका डोक्यावर पाणी ओतत होत्या, हिंग लावत होत्या, देवाला गाऱ्हाणं घालत होत्या. ओकारी निळसर हिरवी होती. म्हाताऱ्यांनी पटकी म्हणून हात जोडले. दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या दवाखान्यातला माणूस आला, त्यानंही पटकीच म्हटलं, झिऱ्यात लाल दवा ओतली आणि गेला. झिरा जांभळा झाला. आधीच भ्यालेल्या बाया ते पाणी पाहून जास्तच भ्याल्या. मोठी माणसं हळूहळू सावरली, बहुतेक पोरंही सावरली. पाटलांची गोदी गेली. पाच वर्षांची होती. चुलीपाशी आजीला बिलगून बसली होती आणि हंडा उतरल्याबरोबर आजीनं तिला पहिल्यांदा, पोटभर, आपल्या हातानं भरवलं होतं. तिला नदीकडे नेताना तिची आई ज्या आवाजात रडली तो आवाज मी लिहू शकत नाही.

रडून झाल्यावर माणूस कारण शोधतो. गावाला ते फार शोधावं लागलं नाही. ओकारी निळी आणि रंगाऱ्याचं पाणी निळं. लगीनसराईचं कापड धुऊन धुऊन त्यानं डोह नासवला, तेच झिऱ्यात उतरलं. जैनबबीचा मुलगाही त्याच दिवशी ओकला होता, पण त्याचाही पुरावाच झाला. "पाहा, त्याचं तं घरच डोहावर आहे," असं लोक म्हणाले. चारचौघं मिळून डोहावर गेले, धुण्याचा दगड लोटून दिला आणि उस्मानभाईला बजावलं की आजपासून नदीच्या पाण्याला हात लावायचा नाही. जैनबबीनं विचारलं, "मंग पेऊ काय?" तोवर ते माघारी वळले होते.

हे फिरतीवरून आले. मी फळीवरचा द्रोण त्यांच्यापुढे ठेवला आणि सगळं सांगितलं. पान सुकून गेलं होतं आणि तळाशी गुळाचं पाणी साचलं होतं, ते हिरवट दिसत होतं. यांनी खिशातला चाकू काढला आणि त्याचं पातं त्या पाण्यात बुडवून धरलं. थोड्या वेळानं बाहेर काढलं तर पातं लालसर झालं होतं, तांब्याच्या भांड्यासारखं. पातं पुसत हे तिथंच बसले. "मी बियासाठी सांगितलं होतं," असं पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. मी त्या वेळी विशीत होते, शास्त्र मला कळत नव्हतं. पण पाण्यात नव्हतं, हंड्यात होतं, एवढं मला कळलं.

ते तसेच उठून पाटलांकडे गेले. आल्यावर जे सांगितलं ते असं. पाटलांनी सगळं ऐकून घेतलं आणि दार लोटून घेतलं. म्हणाले, "साहेब, पोरगी तं गेली. आता मायले मारू नोका. तिनं आपल्या हातानं भरवलं हो तिले. अन् माही बायको? थे एका घरात राहीन का मंग तिच्यासंग? तुमाले हात जोडतो. हे इथंच राहू द्या." यांनी शब्द दिला. मी विचारलं, "आणि उस्मानभाईचं काय?" हे म्हणाले, चार दिवसांत लोक विसरतील. मग म्हणाले की मोरचुदाचं नाव बाहेर फुटलं तर पुन्हा या तालुक्यात कोणी पुडीला हात लावणार नाही आणि सगळी ज्वारी काणीत जाईल. तो शब्द त्यांनी पाटलांना दिला होता की मोरचुदाला, हे मला आजही नीट सांगता येत नाही. माणूस वाईट नव्हता माझा. पाटीलही नव्हते. म्हणून तर मला त्या गोष्टीचा इतका राग येतो. दोघंही एका म्हातारीवर दया करत होते, आणि त्या दयेची किंमत भरत होतं तिसरंच घर.

माझ्या भाच्याच्या गावी अलीकडे असंच काहीसं चाललं आहे. कापसावर फवारायचं औषध, त्याचे पिंप, त्याचे डबे. सगळे शेतकरी ते नाल्यावर धुतात आणि धुतलेल्या डब्यांत घरी गोडं तेल ठेवतात. मागच्या हंगामात नाल्यातली मासळी उलटी तरंगली आणि पोरांच्या अंगावर चट्टे उठले. मग काय, वरच्या अंगाला भटक्यांची पालं होती, त्यांनी पाणी घाण केलं म्हणून त्यांना हाकलून दिलं. भाचा मला हे सांगत होता तेव्हा त्याच्या मागं, पडवीत, तसल्याच एका डब्यात तुळस लावलेली होती. मी त्याला विचारलं, पालं गेली, मग चट्टे गेले का? तो म्हणाला, "मावशी, तुमाले काय समजते त्यातलं?" समजतं मला. दुर्दैवानं तेवढंच समजतं.

तर जैनबबी. तिला झिऱ्याला शिवायची बंदी झाली. ती दूर, वाळूच्या काठावर घागर ठेवून बसायची आणि कोणीतरी वरून पाणी ओतेल म्हणून वाट पाहायची. पहिले काही दिवस एकदोघींनी ओतलं. मग त्यांच्या सासवांनी डोळे वटारले. मी ओतायची, पण मी सरकारी माणसाची बायको, पाहुणी. माझ्या ओतण्यानं गावाचं ओतणं होत नव्हतं. पुढं पुढं ती येईनाशीच झाली. पावसानं ओढ दिली होती, पलीकडच्या गावच्या नाल्यावरून डोक्यावर हंडा घेऊन ती भर उन्हात येताना दिसायची. पिण्यापुरतं पाणी आणता येतं डोक्यावर, रंगाऱ्याचे रांजण भरता येत नाहीत. अंगणातली नीळ आटून तिच्यावर साय धरली. तो वास मला अजून आठवतो, आंबट, नाकात बसणारा. तिचं हसू तर आटलंच होतं. एकदा मी तिच्या अंगणात गेले तेव्हा ती म्हणाली, "बाई, माह्या पोराले विचारा. त्यानं त्या दिवशी डोहाचं पानी पेलंच नव्हतं. घुगऱ्या खाल्ल्या फक्त. मले मालूम आहे ना." मी चमकून विचारलं, "मग बोलत का नाही?" ती म्हणाली, "कोनाले बोलू? जिची नात गेली तिले जाऊन सांगू, का तूच मारली म्हून?"

म्हणजे तीही. पाटील गप्प, हे गप्प, आणि जिच्या तोंडचं पाणी तोडलं ती बाईसुद्धा त्याच म्हातारीसाठी गप्प. मी घरी न जाता थेट वाड्यावर गेले. यांनी शब्द दिला होता, मी दिला नव्हता.

मोठी माय सोप्यात भिंतीला टेकून बसली होती. समोर सुपात ज्वारी होती आणि ती निवडत नव्हती, नुसती हलवत होती. मी समोर बसले. तिनंच विचारलं, "रंगारनीकडून आली न बाई?" मी हो म्हटलं. ती सूप हलवत राहिली. मग म्हणाली, "सांगू नोको. मले मालूम आहे. हंडा मीच घासला. घासता घासता हाताले हिरवं लागलं. त्याच दिवशी समजलं मले." आणि मग हळूच, आतल्या दाराकडे बघत, "सून आत आहे. तिले समजलं तं थे माह्या हातचं पानी पेनार नाही. या वयात कुठं जाऊ मी?" मला तिची कीव आली आणि तितकाच संतापही आला. मी म्हटलं, "मोठी माय, जैनबबीच्या हातचं पाणी तर आत्ताही कोणी पीत नाही." एवढंच बोलले आणि उठले. रात्रभर मला वाटत राहिलं की मी फार बोलले.

दुसऱ्या दिवशी सकाळी झिऱ्यावर सगळ्या बाया असताना मोठी माय काठी टेकत वाळूतून आली. ती कित्येक वर्षांत झिऱ्यावर आली नव्हती. बायांनी वाट दिली. ती खड्ड्यापाशी बसली, ओंजळ भरून पाणी प्याली, आणि कोणाकडेच न बघता म्हणाली, "पानी साजरं आहे वं बायांनो. पह्यलेही साजरंच होतं. इख माह्या हंड्यात शिजलं. औषधाचं बी होतं थे. मीच रांधलं अन् मीच भरवलं." तिची सून तिथंच होती, घागर भरून डोक्यावर घ्यायच्या बेतात. तिनं सासूकडे पाहिलं. मग भरलेली घागर वाळूत उपडी केली, रिकामीच काखेला मारली आणि घराकडे चालू लागली. बाकीच्या बाया खाली बघून पाणी उपसत राहिल्या. मोठी माय उठायला बघत होती. तिला हात द्यायला मी गेले.

पाटलांनी त्याच दिवशी उस्मानभाईला बोलावून डोह मोकळा केला. दगड पुन्हा जागेवर आणवला. मला वाटलं, झालं. मी तरुण होते, खरं बोललं की सगळं जागच्या जागी येतं असं मला वाटायचं. पाणी जैनबबीला परत मिळालं, कापड परत आलं नाही. कानांना पटलेलं हातांना पटत नव्हतं. बाया म्हणायच्या, "तिचा कसूर नाही वं, पन मन घेत नाही." निळं लुगडं अंगाला लावायचं म्हटलं की गोदी डोळ्यापुढे यायची. तुळशीच्या लग्नानंतरची लग्नं आली तेव्हा लोकांनी खामगावहून गिरणीचं कापड आणलं. रांजण भरलेले राहिले आणि अंगणातल्या दोऱ्यांवर काही वाळत पडलं नाही. इकडे वाड्यात सुनेनं चूल वेगळी केली. मोठी माय सोप्यातच राहायची. तिचं ताट बाहेर यायचं, आणि तिनं भरलेल्या तांब्याला घरात कोणी हात लावायचं नाही. तिच्याविरुद्ध कोणी चकार शब्द काढला नाही. गावात बोलायचं नसेल तेव्हा आमचं वऱ्हाड असं गप्प बसतं.

हिवाळा सरत असताना उस्मानभाईनं गाडी भरली. मलकापूरला बायकोचा भाऊ होता, तिकडे जायचं ठरलं. मी निरोप द्यायला गेले तर मोठी माय आधीच तिथं काठी टेकून उभी, काखेत कोरं पांढरं लुगडं. ती जैनबबीला म्हणाली, "हे रंगवून दे मले." जैनबबी म्हणाली, "माय, रांजन उपसले आता. भट्टी मोडली." म्हातारी म्हणाली, "तं घेऊन जा. जिथं नवी भट्टी लावशीन तिथं रंगव. धाडून दे." जैनबबीनं लुगडं घेतलं. म्हातारीनं विचारलं, "माह्यावर राग आहे का तुहा?" जैनबबीनं लुगडं गाडीत ठेवलं. "राग करून कुठं जाऊ माय," ती म्हणाली. "तुमी बोलल्या नव्हत्या तं आमचं घर मोडलं. बोलल्या तं तुमचंही मोडलं. तेवढाच फरक." असं म्हणून तिनं म्हातारीच्या पायांना हात लावला आणि गाडीत चढली. तिचा मुलगा कपड्यांच्या गठ्ठ्यावर बसला होता. मी गाडी वळेपर्यंत उभी राहिले, पण त्यांच्यापैकी कोणी मागं पाहिलं नाही.

मोठी माय उन्हाळ्यात गेली. सोप्यातच गेली. सुनेनं तिचं सगळं रीतसर केलं, काही कमी पडू दिलं नाही, आणि डोळ्यातून टिपूस काढलं नाही.

पुढच्या आर्द्रेत गावात पेरणी चालू होती. मोरचूद त्याही वर्षी लोकांनी घेतलं. काणी आली नव्हती ना. घुगऱ्यांचं मात्र कोणी नाव काढलं नाही, उरलेलं बी ज्यानं त्यानं मुकाट्यानं बांधाच्या कडेला पुरलं. अशात मलकापूरकडून सरकी भरायला आलेल्या एका गाडीवानानं वाड्यावर एक गाठोडं टाकलं. निळं लुगडं. असा खोल, सारखा रंग मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. जैनबबीनं ते पाठवण्याआधी किती पाण्यांतून काढलं असेल, देव जाणे. सुनेनं ते घरात नेलं नाही. मी तेव्हा तिच्या ओसरीवर होते. मला ती म्हणाली, "चाला बाई नदीवर."

डोहावर आम्ही दोघीच होतो. तिनं लुगडं पाण्यात बुडवलं, दगडावर घातलं आणि धोपटायला लागली. मग पिळून त्याचं पाणी तांब्यात धरलं आणि तांब्यात वाकून पाहिलं. पाणी स्वच्छ होतं. तिनं पुन्हा बुडवलं, पुन्हा धोपटलं, पुन्हा पिळलं. पदर खांद्यावरून सुटला होता, हात लाल झाले होते. मी म्हटलं, "अहो, पुरे आता. रंग पक्का आहे." तिनं ऐकलं नाही. त्या तांब्यातलं पाणी तिला निळं व्हायला हवं होतं. एकदा तरी ते निळं झालं असतं, तर सारा दोष रंगावर टाकून मेलेल्या सासूला ती माफ करू शकली असती. तिनं पुन्हा वाकून पाहिलं, पाणी वाळूवर ओतून दिलं, आणि लुगडं उचललं.

"आनखी एकडाव पाहू," ती म्हणाली.